नागपूरला मध्यरात्री चार विमाने

गेल्या वर्षी वर्गणीसाठी मंडळाची मंडळी घरी आली, तेव्हा भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे बोट दाखवून एकाने विचारले, ‘‘हे नागपूरला चार दोरे कसले बांधलेत?’’ मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार टाचण्या आणि चारींचे दोरे नागपुरात एकत्र आलेले. चहा संपला तरी आमचे सांगणे संपेना. शेवटी संपादकांनीच तोड काढली : ‘‘हे सगळे स्मरणिकेसाठी लिहूनच द्या.’’ म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे चौघे. दोघे इंदूरचे, एक बडोद्याचा, एक हैदराबादचा. चौघांचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली. एक बँकेत आहे, एक शाळेत शिकवतो, एकाचे औषधांचे दुकान आहे, आणि ज्याच्या हाती सध्या लेखणी आहे तो राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री. शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंत. विमानांशी आमच्यापैकी कोणाचाही पोटापाण्याचा संबंध नाही. रात्री जेवणे आटोपली, मुले झोपली, की आम्ही आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर जुनी प्रवासी विमाने उडवतो. जुनी म्हणजे डाकोटा, स्कायमास्टर, व्हायकाउंट. घरची माणसे याला ‘विमान विमान खेळणे’ म्हणतात आणि त्यात फारसे चुकीचे नाही.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान चालवण्याचा भास निर्माण करणारी संगणक-प्रणाली. पडद्यावर वैमानिकाच्या समोरची तबकडी-तबकडी दिसते, हाताशी जॉयस्टिक असते, जमले तर पायाशी पेडल. अमेरिकेत ब्रूस आर्टविक नावाच्या तरुण अभियंत्याने इलिनॉय विद्यापीठात शिकताना या विषयावर काम केले, आणि १९८० च्या सुमारास ॲपलच्या घरगुती संगणकासाठी असा पहिला कार्यक्रम विक्रीला आणला. पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडून तो घेऊन आपल्या नावाने काढला. त्यात विमान नेहमी शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवर उभे असे. २००३ च्या मार्चअखेर शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर घालून ती धावपट्टी उखडून टाकली. सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांत ती आजही शाबूत आहे आणि जगभरची माणसे तिथून उडत असतात. आम्हाला या छंदाचे वेड लागण्याचे खरे कारण बहुधा हेच. जमिनीवरून गेलेली जागा इथे राहू शकते.

त्याच २००३ साली राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने निघालेल्या आवृत्तीत जुनी विमाने मुद्दाम घातली होती. त्यांत डग्लस डीसी-३, म्हणजे आपले डाकोटा, होते. आमची पहिली ओळख तीच. नंतर कितीतरी नवे सिम्युलेटर आले. २०२० सालच्या आवृत्तीत तर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केली आहे. इंदूरचा राजवाडा वरून ओळखू येतो. तरी आम्ही जुन्या आवृत्तीला चिकटून आहोत. गंमत अशी की जुन्या आवृत्तीत इंदूरभोवती काहीच नाही. नुसती हिरवी-करडी शेते, एक धावपट्टी, बाजूला एक टेकाड. सुपर कॉरिडॉर नाही, कॉलन्या नाहीत. कार्यक्रम करणाऱ्यांनी आळसाने सोडून दिलेली ही मोकळी जमीन १९४८ च्या इंदूरला आजच्या चकचकीत नकाशापेक्षा जास्त जवळची आहे.

एकट्याने उडण्याचा कंटाळा आला की लोक ‘आभासी विमान कंपनी’ काढतात. जगभर अशा शेकडो आहेत. खरी विमाने नाहीत, पगार नाही, तिकिटे नाहीत. पण वेळापत्रक असते, सभासदाने ठरलेले उड्डाण करायचे, त्याचा तपशील नोंदवायचा, तास साठले की बढती. सरकारी नोकरीत बढती कशी मिळते हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पद्धत फारच न्यायाची वाटते. आमची कंपनी चौघांचीच. नाव सांगत नाही, कारण ते एका रात्री गमतीत ठेवले आणि आता बदलता येत नाही. नियम मात्र कडक आहेत. १९७३ नंतर आलेले विमान चालणार नाही. उपग्रहावरून वाट दाखवणारे यंत्र चालणार नाही. होकायंत्र, घड्याळ, रेडिओची सुई आणि मांडीवर कागदी नकाशा, एवढ्यावर जायचे. १९७३ च का, ते पुढे येईल.

आधी इंदूरचे सांगतो, कारण आमच्या कंपनीचे मुख्य ठाणे बिजासन आहे.

भारतात नियमित हवाई टपालाची सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, हे पुष्कळांना माहीत असते. जे. आर. डी. टाटा एकटे छोट्या पस मॉथ विमानात टपालाची थैली घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले आणि मुंबईला जुहूच्या मैदानावर आले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत विमान नेले ते नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी. या दुसऱ्या माणसाला आपण फार लवकर विसरलो. टाटांना हवाई टपालाच्या धंद्यात ओढणारा हाच गृहस्थ. १९४२ साली युद्धात, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचे विमान बेपत्ता झाले.

इंदूरकरांनी त्यांची आठवण ठेवायला एक जास्तीचे कारण आहे. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने विमानतळासाठी जागा निवडायला व्हिन्टसेंट यांचाच सल्ला घेतला होता. शहराच्या पश्चिमेची बिजासन टेकडीजवळची जागा त्यातून ठरली. महाराज यशवंतराव होळकरांना नव्या गोष्टींची आवड होतीच. माणिकबाग राजवाडा त्यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून नुकताच बांधून घेतला होता. विमानतळाचा खर्च आला एक लाख आठ हजार रुपये. आम्ही बांधकाम खात्यातले असल्याने हा आकडा दोनदा वाचला. आज एवढ्या पैशात नाल्यावरच्या मोरीची एक बाजूची भिंतसुद्धा उभी राहत नाही.

१९३७ मध्ये टाटांनी मुंबई–दिल्ली हवाई मार्ग सुरू केला, तो इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर असा थांबत जाणारा होता. स्वातंत्र्यानंतर २६ जुलै १९४८ पासून इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी नियमित विमानसेवा सुरू झाली. एप्रिल १९५० मध्ये विमानतळ केंद्र सरकारकडे गेला, आणि मार्च १९६६ मध्ये ५,६०० फुटांची नवी धावपट्टी झाली. कागदावर एवढेच मिळते. त्या पहिल्या दिवसांत इथून कोण गेले, कोण आले, तिकीट कुठे मिळे, विमान आल्याचे गावाला कसे कळे, हे कागदावर नाही. ते आपल्या घरांत आहे, किंवा होते. एखाद्या आजीच्या ट्रंकेत लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाखाली एखादे जुने विमान-तिकीट, वेळापत्रकाची घडी, बिजासनच्या मैदानावर विमानापुढे काढलेला फोटो असू शकतो. वाचकहो, असा कागद सापडला तर रद्दीत घालण्याआधी मंडळाच्या कचेरीत एकदा दाखवा. आम्ही फोटो काढून मूळ प्रत परत करू.

ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी एक अवांतर. १९३० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून पूर्वेकडे जाणारी इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी मोठी विमाने ग्वाल्हेरला तलावात उतरत. अलीकडचा थांबा राजस्थानातला राजसमंद आणि पुढचा अलाहाबाद. आमच्या बडोद्याच्या सभासदाने हे उतरणे सिम्युलेटरमध्ये करून पाहिले. जुन्या आवृत्तीत तो तलाव इतका लहान काढला आहे की विमान काठावरच्या शेतात शिरून थांबले. त्याची नोंद कंपनीच्या वहीत ‘पीक पाहणी’ अशी आहे.

आणखी एक विषय टाळता येत नाही. आपल्या समाजात विमानाचे नाव काढले की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे १८९५ सालचे मुंबईचे विमान काढतोच. तळपदे होते, त्यांना या विषयाचा ध्यास होता, याबद्दल वाद नाही. पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, ते तपासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच सांगितले की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत. अभिमानच हवा असेल तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा बाळगावा. त्यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना उभा केला. युद्धकाळात तिथे दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती झाली, आणि युद्धानंतर लष्करी डाकोटा उघडून, तपासून, खुर्च्या बसवून प्रवासी विमाने म्हणून बाहेर पडली ती तिथूनच. आमच्या कंपनीत दर वर्षी पहिले उड्डाण बंगळूरहून करतात, ते यासाठी.

आता डाकोटाकडे वळतो. डीसी-३ पहिल्यांदा उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या वाढदिवशीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांच्या घरात काढल्या. युद्ध संपले, सैन्य परत गेले आणि विमाने भारतात पडून राहिली. ती स्वस्तात मिळू लागली, तशा १९४६-४७ मध्ये देशात विमान कंपन्यांचे पीक आले. हैदराबादला निजाम सरकार आणि टाटा यांची डेक्कन एअरवेज, ओरिसात बिजू पटनाईकांची कलिंग, शिवाय भारत, हिमालयन, एअरवेज इंडिया वगैरे. बहुतेकांकडे डाकोटाच. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून श्रीनगरला शीख पलटणीचे जवान पोचले, त्यांत वायुदलाच्या डाकोटांबरोबर या खासगी कंपन्यांची डाकोटाही होती. फाळणीतले निर्वासितही या विमानांनी वाहिले.

विमान साधे, पण लाडावलेले नाही. जमिनीवर शेपूट टेकून, नाक आभाळाकडे करून बसते, त्यामुळे वैमानिकाला पुढची जमीन दिसत नाही. नागमोडी चालत जावे लागते. दोन इंजिने, प्रत्येकी चौदा सिलिंडर आणि बाराशे अश्वशक्ती. सुरू करताना आधी हाताने पेट्रोल चढवायचे, पंखा फिरू द्यायचा, मग ठिणगी द्यायची. एक सिलिंडर पेटतो, दुसरा खोकतो, पांढरा धूर, आणि मग सगळे एका सुरात येतात. उड्डाणाच्या वेळी वेग येईपर्यंत उजव्या पायाने सतत सांभाळावे लागते, नाहीतर विमान आपल्या मर्जीने डावीकडे वळते. उतरल्यावर गाफील राहिलात तर शेपूट पुढे यायला पाहते. आम्हा चौघांना सरळ उतरायला शिकण्यास तीन महिने लागले. एकाला पाच. तो कोण हे कंपनीच्या वहीत आहे, इथे नाही.

आणि आता नागपूर.

१९४९ चा जानेवारी. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी धडाडीने एक गोष्ट घडवून आणली : रात्रीची हवाई टपालसेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान टपाल आणि काही प्रवासी घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीची मद्रासच्या टपालाशी, असे सगळे होऊन विमाने आल्या पावली परत फिरत आणि उजाडता आपापल्या गावी उतरत. नकाशावर पाहिले की कल्पना किती सरळ होती ते कळते. नागपूर मुंबईपासून हवाई अंतराने सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली, मद्रास, कलकत्त्यापासून साधारण साडेआठशे ते साडेनऊशे. डाकोटाच्या वेगाने अडीच ते साडेतीन तास. म्हणजे चारही टोकांची माणसे एकाच रात्रीत एकमेकांना भेटून परत घरी. चार शहरांना एकमेकांशी सरळ जोडायचे तर सहा मार्ग आणि कितीतरी जास्त विमाने लागली असती. इथे चार विमानांत काम झाले. पुढे अमेरिकेत पार्सल पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्या याच युक्तीवर चालल्या. नागपूर त्यांच्या आधी वीस-पंचवीस वर्षे हे करत होते.

लगेच १ एप्रिल १९४९ पासून दुसरी गोष्ट झाली. तोवर पत्र विमानाने पाठवायचे तर जास्तीचे तिकीट लावावे लागे. आता देशांतर्गत साधे पत्रही, जिथे सोयीचे तिथे, जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागले. मुंबईला संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात हातात पडू शकत होते. ज्यांची मुले परप्रांतात नोकरीला, लेकी परप्रांतात दिलेल्या, अशा आपल्यासारख्या कुटुंबांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

ही सेवा आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने चालवली, मग हिमालयन एव्हिएशनने. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्यांची इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीचे टपालही तिच्याकडे आले. डाकोटांच्या जागी पुढे मोठी चार इंजिनांची स्कायमास्टर आली, १९५७ नंतर व्हायकाउंटही. १९७३ च्या सुमारास सेवा बंद झाली. तेलाचे भाव भडकले होते, दिवसा जेट विमाने भरपूर झाली होती, रात्रीच्या भेटीची गरज उरली नव्हती. आमच्या नियमातले १९७३ ते हे.

हे सगळे आम्ही वाचून जमवले होते. वाचलेले आणि पाहिलेले यात फरक काय, ते काकांनी शिकवले.

काका आमच्या इंदूरच्या गल्लीतलेच. वय शहाऐंशी, कान थोडे कमी. त्यांनी ऐन उमेदीची वर्षे नागपूरला विमानांच्या इंजिनांवर मेकॅनिक म्हणून काढली, हे आम्हाला वीस वर्षे शेजारी राहूनही माहीत नव्हते. एकदा रात्री खिडकीतून डाकोटाच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते काठी टेकत दारात आले. ‘‘हे कोण सुरू करतंय? मिश्रण फार जाड ठेवलंय.’’ आवाजावरून त्यांनी चूक पकडली होती, आणि चूक खरोखर तीच होती. तेव्हापासून त्यांची खुर्ची कॉम्प्युटरच्या डाव्या बाजूला ठरलेली.

काकांनी सांगितलेल्या गोष्टी कुठल्या पुस्तकात नव्हत्या. डिसेंबरात इंजिनाचे तेल इतके घट्ट होई की पंखा हाताने फिरवून सैल करावा लागे. इंजिनाखाली तेल गळताना दिसले नाही तर तेलच संपले असे समजायचे. दूरवर पहिला दिवा दिसला की मुंबईचे की मद्रासचे, यावर चहाची पैज. रेडिओची सुई, जी आमच्या पडद्यावर शहाण्या मुलासारखी नागपूरकडे बोट दाखवून उभी असते, ती पावसाळ्यात वीज चमकली की ढगाकडे वळते आणि नवख्या वैमानिकाला तिकडे नेते. दीड-दोन तास एकदम गर्दी, चार विमाने, थैल्या, हाका, आणि तीननंतर असे सुनसान की कुत्र्याचे भुंकणे ऐकू यावे. ‘‘आमची दिवाळी रोज रात्री बाराला,’’ ते म्हणत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नागपूरहून मद्राससाठी रात्रीचे उड्डाण करत होतो. उडताना गंमत म्हणून एकाने डावे इंजिन बंद पडेल अशी सोय आधीच करून ठेवली होती; सिम्युलेटरमध्ये ते करता येते. चाके उचलली आणि इंजिन गेले. आमचा पाय वेळेत हलला नाही. विमान कलंडले, पडदा काळा झाला, आणि इंदुरापासून हैदराबादपर्यंत चौघेही हसलो. उड्डाण पुन्हा सुरू करायला एक बटण दाबावे लागते. बोट त्यावर गेले, तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘थांबा. आज पुन्हा नका करू.’’

मग त्यांनी १२ डिसेंबर १९५३ ची पहाट सांगितली. ते स्वतः तेव्हा शाळेत होते. पण नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकवणारे जुने मेकॅनिक त्या रात्री ड्यूटीवर असलेले होते. मद्रासला जाणारे रात्रीच्या टपालाचे डाकोटा नागपूरहून उडाले आणि लगेच कोसळले. तेरा माणसे गेली. त्यांत कामगार चळवळीतले मोठे नेते हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला. जुन्या मेकॅनिकांपैकी एकजण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक विमान दिवे दिसेनासे होईपर्यंत धावपट्टीच्या काठाला उभा राहून पाही, जेवणाचा डबा उघडत नसे. काकांनाही ती सवय लागली. ‘‘तुमचं बटण आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वापरा. पण हसून वापरू नका.’’

त्या रात्री कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या सभासदाने वहीत नवा नियम लिहून पाठवला : विमान पडले तर त्याचा क्रमांक यादीतून कायमचा जाईल, आणि ज्याच्या हातून पडले तो महिनाभर उडणार नाही; त्याने इतरांच्या उड्डाणांची नोंद ठेवावी. आधी हा नियम आम्हाला थोडा नाटकी वाटला. पण त्याने उडण्याची रीत बदलली. आता उड्डाणाआधीची यादी खरोखर वाचली जाते. एक इंजिन गेले तर काय करायचे, हे आम्ही दर आठवड्याला दिवसाच्या उजेडात, उंचावर जाऊन घोकतो. गेल्या दोन वर्षांत यादीतून दोनच क्रमांक गेले. त्यातला एक या लेखकाच्या नावावर आहे. फेब्रुवारीचा तो अख्खा महिना आम्ही दुसऱ्यांचे तास वहीत उतरवत बसलो.

आता ३० जानेवारीची रात्र. नागपूरची सेवा १९४९ मध्ये याच तारखेच्या सुमाराची, म्हणून दर वर्षी आम्ही ती रात्र पाळतो. चौघे चार ठिकाणांहून निघतो. यंदा बडोदेकर मुंबईहून, हैदराबादकर मद्रासहून, इंदूरचा एक दिल्लीहून आणि हा लेखक कलकत्त्याहून, कारण लांबचा मार्ग कोणी घेत नाही. दमदम सोडून साडेतीन तास अंधार. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखात सिम्युलेटरमध्ये एकही दिवा नाही. १९४९ मध्ये फारसे असतील असे वाटत नाही. रायपूरनंतर सुई हलली आणि स्थिरावली. काका खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते. वहिनींनी दोनदा येऊन सांगितले, ‘‘अहो काका, आता झोपा.’’ ते हूं म्हणत आणि बसून राहत.

बारा वाजून दहा मिनिटांनी मुंबईचे विमान उतरले. मग मद्रासचे. दिल्लीचे वाऱ्यामुळे जरा वर गेले आणि फिरून आले. आमचे शेवटचे, बाराला चाळीस. चारही डाकोटा सोनेगावच्या धावपट्टीलगत ओळीने, शेपट्या टेकून, नाके वर करून उभी राहिली. इंजिने एकेक करून बंद केली. कानावरच्या हेडफोनमधून तिघांच्या घरांतले पंख्याचे, भांड्याचे, एकाच्या घोरणाऱ्या वडिलांचे आवाज येऊ लागले. आम्ही एकमेकांचे अभिनंदन करत होतो. तेवढ्यात काका पुढे वाकले आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, ‘‘टपाल उतरवलं का?’’

टपाल नव्हते. चार वर्षे आम्ही टपालाची विमाने उडवत होतो. वजनाच्या रकान्यात आकडा भरत होतो आणि त्या आकड्यात पत्रे असतात हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. काकांना कसे समजावायचे ते कळेना. ‘‘नाही काका, पुढच्या वेळी,’’ एवढेच म्हणालो. त्यांनी मान हलवली, शाल सावरली आणि घरी गेले.

पुढच्या ३० जानेवारीसाठी ठरले आहे ते असे. प्रत्येकाने आधी एक आंतर्देशीय पत्र हाताने, मराठीत लिहायचे आणि उरलेल्या तिघांपैकी एकाला खऱ्या पेटीत टाकायचे. कोणी कोणाला लिहायचे याच्या चिठ्ठ्या काकांनी काढल्या आहेत. या लेखकाच्या वाट्याला हैदराबाद आले. एक तालीमही झाली. ती चार पत्रे किती दिवसांत पोचली हे इथे लिहीत नाही, कारण टपाल खात्यात नोकरी केलेले दोन सभासद आपल्या मंडळात आहेत आणि आरतीला रोज भेटतात.